नाव न घेता घातलेलं गाऱ्हाणं

कट्टा
९ डिसेंबर २०२४

गुरुदास,

'प्रिय' लिहिणार नाही. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय तीही प्रेमाने नव्हे. गिरणीवर भाताची पोती आली असतील, तू घाईत असशील, तर एवढंच वाच आणि कागद खाली ठेव: तुझं गाऱ्हाणं मागे घे. सातेरीदेवीसमोर घातलंस, सातेरीसमोरच उतरव.

काल जत्रेच्या सकाळी मी मंडपात पुढच्या रांगेत उभा होतो. वरचा पत्रा मी घातलेला, म्हणून पुढची रांग. तू हातात नारळ घेतलास आणि तुझ्या बापाचा आवाज काढलास. मान तुमच्या घराण्याचा आहे, आवाजही वारशाने आलाय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तू पावसापाण्याचं मागितलंस, गुराढोरांचं मागितलंस, मुंबईला गेलेल्यांच्या पोराबाळांचं मागितलंस. दर वाक्याला गाव 'होय म्हाराजा' म्हणत होता, मीही म्हणत होतो. पन्नास वर्षांची सवय आहे. मानकरी थांबला की तोंड आपोआप उघडतं.

मग तू एक श्वास घेतलास. तो मला ऐकू आला. लहानपणी दुसऱ्याच्या आंब्याच्या कलमावर चढण्याआधी घ्यायचास तसाच. आणि म्हणालास,

"जो कोण चौगांच्या हातार पाय देवन वर चडलो, आणि वर चडान एकट्याचाच नाव सांगता, तेका तेच्याच तोंडान खरा बोलूक लाव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

तीनशे माणसं म्हणाली. आणि त्यांत सगळ्यांत मोठ्याने कोण म्हणाला? मी! हात जोडून, डोळे मिटून, छाती भरून. माझ्याच नावाचं गाऱ्हाणं, आणि त्यावर माझाच होकार.

नारळ फुटला आणि सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला. मागे कुणीतरी खुसकन हसलं. महादूची सून होती. माझे कान कसे आहेत ते तुला सांगायला नको. कारखान्यात तीस बायका एका वेळी काजूच्या बिया फोडतात, त्यांतल्या कुणाची बी कच्ची राहिलीय ते मी ऑफिसात बसून सांगतो. त्या तीनशेतले किती मनापासून बोलले आणि किती सवयीने, तेही सांगेन. एक आवाज त्यात नव्हता, तेही कळलं मला. ते राहू दे.

देवाधर्माच्या बाबतीत मी तुझ्याएवढा हळवा नाही. पण कारखान्यातल्या बायका आहेत. गाऱ्हाणं लागलेल्या माणसाकडचं मीठ खावं की नाही, यावर कालपासून चर्चा चाललीय. २६ जानेवारीला मालवणात माझा सत्कार आहे, मुंबईचं एक मंडळ 'उद्योगरत्न' देतंय. तिथे मला भाषण करायचंय. त्याच्या आत उतरव.

बाबली


कट्टा
१७ डिसेंबर २०२४

गुरुदास,

मी दोन पानं लिहिली आणि तू काय केलंस? आमची खोकी घेऊन जाणाऱ्या इक्बालच्या टेम्पोतून तोंडी निरोप पाठवलास! बिचारा अर्धा तास घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "शेट, रागाव नुको. गुरुदास म्हणता, नाव मी खंय घेतलंय? तेका कशाक लागला?"

कशाक लागला! मेल्या, गावात एकट्याचं नाव सांगणारे दुसरे कोण आहेत? पाटी कुणाच्या नावाची आहे? वर्तमानपत्रात फोटो कुणाचा येतो? बैलाच्या शिंगाला लाल फडकं बांधायचं आणि वर विचारायचं, बैल कुठला?

इथे काय चाललंय ते ऐक. सकाळी मी संचिताला म्हटलं, "आजची खोकी दुपारपर्यंत भरून व्हायला हवीत." संचिता म्हणजे आमची मुकादमीण, दहा वर्षांत तिने मला उलट उत्तर दिलेलं नाही. मान खाली घालून म्हणते कशी,

"होय म्हाराजा!"

तीस बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. आता कारखान्यात कुठलाही हुकूम सोडायची सोय राहिली नाही. 'पंखे बंद करा' म्हटलं तरी होय म्हाराजा!

परवा कट्ट्याच्या स्टँडवर धोंडूच्या टपरीसमोर गाडी लावून, काच खाली करून बसलो. मी आत आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. एक म्हणतो, "बाबलीशेटीन खंयच्या तरी म्हातारेची बाग लुबाडल्यान, तेच्यार कारखानो उभो रवलो." दुसरा म्हणतो, "नाय रे, तेका तारकर्लीक वाळूत पेटी गावली. सोन्याची." तिसरा म्हणतो, "पेटी नाय आणि बाग नाय. मंत्र्याचो माणूस तो." दुसऱ्या दिवशी त्यांतलाच पेटीवाला पोराला नोकरी मागायला माझ्या दारात: "शेट, झिलाक खंय तरी चिकटवा."

हे झाले खालचे. वरचे त्याहून भारी. मुंबईच्या एका मासिकाने छापलंय, 'अनवाणी पायांनी शाळेत जाणारा मुलगा ते काजूसम्राट'. गुरुदास, मी अनवाणी कधी होतो? माझा बापूस शाळेत शिपाई. वर्षाला चपलांचा एक जोड ठरलेला. अनवाणी तू यायचास, उन्हाळ्यात चिऱ्यांवर उड्या मारत. ते अनवाणीपण त्यांनी माझ्या पायांना लावलं.

बरं, मी पाय मागे घेतला नाही. कबूल. कशाला घेऊ? लोकांना शेट एक तर राक्षस पाहिजे नाहीतर देव. राक्षस असला की आपण गरीब राहिलो याचं कारण सापडतं, देव असला की पोराला सांगायला गोष्ट सापडते. एका पडवीत तीन माणसं एका हंड्याभोवती बसलीत आणि तिघांच्याही डोळ्यांत धूर गेलाय, हे कुणाला नकोच असतं. बँकेच्या साहेबालाही नको असतं. त्याला सहीसाठी एक माणूस लागतो.

एवढं लिहिलं तेही जास्त झालं. गाऱ्हाणं उतरव.

बाबली


कट्टा
४ जानेवारी २०२५

गुरुदास,

झालं तुझं समाधान?

काल मुंबईहून सलोनी नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. सत्काराच्या दिवशी पडद्यावर दाखवायला माझ्यावर फिल्म करतायत. हुशार मुलगी, 'काका काका' करत होती. मला बॉयलरसमोर उभं केलं आणि विचारलं, "बिया भाजायच्या सोडून वाफेवर उकडायची कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

हे उत्तर मी झोपेतही देतो. मंगळूरचा मोठा कारखाना, मी फाटकाबाहेर दोन दिवस ताटकळत उभा, तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याला दया येते, आत बॉयलर दिसतो आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडतो. शंभर वेळा सांगितलंय. पहारेकऱ्याच्या मिश्यासुद्धा ठरलेल्या आहेत.

काल 'मंगळूर' म्हटलं आणि घशात कणी अडकल्यासारखं झालं. खोकलो. पाणी प्यायलो. पुन्हा 'मंगळूर', पुन्हा खोकला. तिने सहज विचारलं, "काका, कुठल्या साली गेला होतात?"

"दोन हजार नऊ," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

"पण तुमच्या माहितीपत्रकात तर लिहिलंय, वाफ दोन हजार चारला सुरू केली."

कॅमेरा चालू. मागे संचिता उभी. मला वाटलं, ही पोरगी आता मला सोलणार. पण तिने गोड हसून सांगितलं, "हरकत नाही, साल कापून टाकू. गोष्ट छान आहे, तीच ठेवू."

तुझ्यापेक्षा त्या पोरीचा मला जास्त राग आला! खोटं हातात सापडलेलं असताना तिने ते धुऊन-पुसून परत माझ्या हातात दिलं. आणि तुझाही आलाच. तेच्याच तोंडान खरा बोलूक लाव, काय रे? ही विद्या तुला कुणी शिकवली? माझा विश्वास नाही यावर. डॉक्टर म्हणतो, ऋतू बदललाय, घसा धरतो.

पण एकदा तोंड फुटलंय तर लिहून टाकतो, बघू तुझ्या सातेरीचं समाधान होतं का. दोन हजार चार, आषाढ, तुझ्या घराची पडवी. आपण दोघे कढईत बिया भाजत होतो. धुराने डोळे फुटायची वेळ, आणि फोडल्यावर दहांतले सहा गर तुकडे. व्यापारी तुकड्यांना हात लावीना. तुझी बहीण शेवंतीताय, नवरा गेल्यावर माहेरी आलेली, पलीकडे चुलीवर भात उकडत बसली होती. आपला वैताग ऐकून म्हणाली,

"भात उकडल्याशिवाय कांडलास तर कणीच होतली. मगे बियांक कशाक भाजतास मेल्यानू? उकडा!"

आपण हसलो. ती उठली आणि भात काढून झालेल्या हंड्यात आपल्या बिया ओतल्या, वर झाकण, वर पाटा. दुसऱ्या दिवशी फोडल्या. अख्खा गर. पांढराशुभ्र, दहांतले नऊ. तो पहिला फुटण्याचा आवाज, स्वच्छ 'कट्', आजही माझ्या कानात आहे. त्या आवाजावर हा सगळा कारखाना उभा आहे.

झालं. मंगळूरला मी पाच वर्षांनी गेलो, आणि पहारेकऱ्याला मिश्या नव्हत्या. आता तरी उतरव.

बाबली


कट्टा
२० जानेवारी २०२५

गुरुदास,

तू मसुऱ्याला बायकोच्या भाच्याच्या साखरपुड्याला गेलास हे इक्बालकडून कळलं, तेव्हा मी तुझ्या घरी जाऊन आलो. चोरासारखा गेलो असं म्हण. रागारागात लिहितोय, अक्षर लागलं नाही तर शेवंतीतायकडून वाचून घे. तिला सगळं ठाऊक आहे.

ती खळ्यात उकडलेलं भात वाळत घालत होती. हाताने नव्हे, पायाने. घोट्यापर्यंत भातात पाय घालून रेघा ओढत चालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"कोण ता? बाबली? गाडी वाटेत लावलंस नाय मां? चार वाजता गुरां येतली."

"बाजूक लावलंय, ताय."

"मगे उभो कित्याक? बस. खुर्ची नाय, तुका चलात तर पायरी आसा."

बसलो. दरवर्षी चतुर्थीला मी पाठवलेली साडी ज्या पायरीवरून परत जाते तीच ती पायरी. मी सरळ विचारलं, "जत्रेक तू 'होय म्हाराजा' म्हटलंस नाय."

"तुका ऐकाक इला?"

"तुझो आवाज नाय होतो, ता ऐकाक इला."

ती थांबली. "कान बरे आसत तुझे. माझ्या वेळेक खंय गेल्ले?"

मला वाटलं नावाबद्दल बोलतेय. मी तयारीने गेलो होतो. म्हटलं, उकडायची युक्ती तुझी, मी सगळ्यांना सांगेन, पाटीवर घालीन, कारखान्याला तुझं नाव देतो.

"नाव घाल चुलीत!" ताय म्हणाली. "उकडूक काय, अख्ख्या गावाक येता. माका माझ्या आवशीन शिकवल्यान, तिका तिच्या आवशीन. त्या सायबाक तू काय सांगलंस, ता बोल."

साहेब कोण ते तुला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहिणार नव्हतो.

लिहितो. सोळा वाक्यं खोडली, आता ही राहू देत. दोन हजार बारा, भाद्रपद. टरफलातल्या तेलाने शेवंतीतायचे हात कोपरापर्यंत सोलले होते. आठ वर्षं ती बिनामोज्यांनी बसली होती, राख लावायची, खोबरेल लावायची, पुन्हा बसायची. मोजे घालून हात मंद चालतात असं मीच म्हणायचो. त्या दिवशी दोन्ही हातांना फडकी गुंडाळून ती आपल्या जागेवर बसलेली, समोर बियांची रास, आणि तपासणीला कामगार खात्याचा साहेब आला. तिच्यासमोर थांबला. "या बाई कोण? हातांना काय झालंय?"

मी म्हटलं, "शेजारीण आहे, साहेब. काहीतरी कातडीचा आजार आहे तिला. सहज भेटायला आलीय."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उठली, पदर सावरला आणि खरोखरच शेजारणीसारखी 'येतंय हां' म्हणून निघून गेली. परत आली नाही. बाकीच्या बायकांना मी पुढच्या महिन्यात मोजे दिले. मासिकात त्या मोज्यांचंही कौतुक आलंय.

खळ्यात तिने मला तळवे दाखवले. गुरुदास, तिच्या तळव्यांवर रेघा नाहीत. ज्योतिषी काय बघणार?

मग पाय पुन्हा भातात घालून म्हणाली, "मी होय म्हटलंय नाय, ता तुझ्यासाठी नाय हां, शेट. गुरुदासान गाऱ्हाणा अर्धाच घातल्यान. अर्ध्या गाऱ्हाण्याक मी होय म्हणूचंय नाय."

आता ऐक! अर्धं म्हणजे काय ते मला गाडीत बसेपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा वाटेत गाडी थांबवून मी तुला शिव्या घातल्या. आडनावासकट!

त्या दिवशी तू कुठे होतास रे? माझ्या उजव्या हाताला! मी 'शेजारीण' म्हटल्यावर साहेबाने तुझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर का?" आणि तू, तिचा सख्खा भाऊ, काय म्हणालास?

"होय, साहेब."

माझं खोटं तीन वाक्यांचं, तुझं दोन शब्दांचं. आणि त्यानंतर नऊ महिने तू तिथेच बसलास. पाटी लागली, तिच्यावर माझं एकट्याचं नाव आलं, तेव्हा कुठे तुला राग आला! गावाला सांगितलंस, नावावरून भांडण झालं. मीही तेच सांगितलं. दोघांनाही ते सोयीचं होतं. आणि आता अकरा वर्षांनी सातेरीसमोर नारळ घेऊन उभा राहतोस, जसा काही तू त्या खोलीत नव्हतासच! गाव म्हणतो, मानकरी धीराचा, शेटीला भर मंडपात सुनावलं. मी राक्षस, तू साधू. बरा वाटा घेतलास.

चौगांच्या हातार पाय देवन, म्हणे. सोललेला हात एकाच बाईचा होता, आणि त्यावर पाय दोघांचे.

बाबली


मालवण
२८ जानेवारी २०२५

गुरुदास,

सत्कार झाला. तू आला नाहीस, म्हणून सांगतो.

पडद्यावर फिल्म दाखवली. मंगळूर होतं, साल नव्हतं. शाल झाली, श्रीफळ झालं आणि मला माइक दिला. खिशात भाषण होतं, सुनेने टाइप करून दिलेलं. ते काढलं नाही. मी सांगितलं, फिल्ममधलं मंगळूर खोटं आहे. युक्ती शेवंती नावाच्या बाईची, पडवी तिच्या घरची, अनवाणी मी नव्हतो. मग साहेबाचं सांगितलं. फडकी, शेजारीण, तिचं 'येतंय हां', सगळं. तुझं नाव घेतलं नाही. ते मी घ्यायचं नाही.

मी माइक खाली ठेवला. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, चप्पल नाहीतर निदान एक शिवी तरी येईल. माझी तयारी होती. खरं सांगतो, मी त्याची वाट बघत होतो.

आणि टाळ्या वाजल्या! पहिल्या रांगेतून सुरू झाल्या, मागपर्यंत गेल्या. माणसं उभी राहिली. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि माइकवर म्हणाले, "एवढ्या उंचीवर जाऊन अशी कबुली द्यायला केवढं मोठं मन लागतं!" सलोनी धावत आली, "काका, हे तर फिल्मपेक्षा भारी झालं, हेच आधी सांगायचं होतंत ना!" आजच्या पेपरात मथळा आहे, 'यशाच्या शिखरावरही पाय जमिनीवर'. एका बाईचे हात मी जाळले, त्याचा माझ्या शालीला जरीकाठ झाला.

आणि कट्ट्याला धोंडूच्या टपरीवर? आज सकाळी इकडे मालवणला येताना काच खाली केली होती. "शेट नवो डाव खेळताहा," एक जण म्हणत होता. "इलेक्शनाक उभो रवतलो, बघ."

वर खरं सांगितलं तर मोठेपणा, खाली सांगितलं तर डाव. माझ्या तोंडून निघालेलं खरं या जिल्ह्यात कुठे टेकायलाच तयार नाही. संतापाने दुपारचं जेवण गेलं नाही. मग सुचलं, एकच जागा अशी आहे जिथे माणसं टाळ्या वाजवत नाहीत.

तेव्हा पहिल्या पत्रातली मागणी रद्द समज. गाऱ्हाणं उतरवू नकोस, पुरं कर. शिमग्याला मांडावर, होळीच्या त्या मोकळ्या जागेत, सगळा गाव जमेल. तू नारळ घे आणि या वेळी नावं घे. माझं घे, बापाच्या नावासकट. मग तुझं घे. तुझ्या बापाचं नाव घेताना आवाज फुटला तर फुटू दे. शेवंतीतायचे हात, साहेबाचा प्रश्न, माझी तीन वाक्यं, तुझे दोन शब्द, सगळं देवीला सांग. आणि ह्या दोघांचा काय करूचा ता तूच बघ, म्हणून विचार. काय होईल ते होवो. बायका काम सोडून गेल्या तर जाऊ देत. तुझा मान गेला तर तोही जाऊ दे.

नाही घातलंस, तर मी उठून घालीन. मला मान नाही, आवाजही फाटका आहे, गाव मला खाली बसवील. तरी घालीन.

गाव काय म्हणेल याची मला फिकीर नाही. गाव सवयीने होय म्हणतो, मी म्हटलं तसाच. मी पुढच्या रांगेत नसेन, मागे बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभा असेन, डोळे मिटून. तीनशे जण ओरडतील, ढोल वाजत असतील, पोरं बोंब मारत असतील. त्या सगळ्या गलक्यात मला एकच आवाज ऐकायचाय. आला तर कळेल. नाही आला तर तेही कळेल.

तूही कान दे.

बाबली